परड्यात मोटर कशाला?

मी कोल्हापुरातून, राजारामपुरीतून बोलते आहे. राहायला मी इथं, पण सासर करवीर तालुक्यात आहे आणि तिथल्या घरामागं आमचं दोन गुंठ्यांचं परडं आहे. वांगी, मिरची, गवार, मेथी, पोकळा, कुंपणावर दोडका. आठवड्यातून तीन दिवस मी तिथं जाते, आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांचं कामही तिथूनच बघते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात मला चिकुनगुनिया झाला. ताप चार-पाच दिवसांत उतरला, पण सांधे सहा महिने धरून राहिले. सकाळी उठलं की मूठ वळायची नाही. खुरपं हातात धरलं की गळून पडायचं. बघता बघता परड्यात हरळी आणि लव्हाळा माजला. शेवटी चुलत दिरांनी कुठूनतरी बॅटरीवरचं गवत कापायचं यंत्र आणून दिलं. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "आता परड्यात मोटर कशाला? आमी काय हातानं केलं न्हाई व्हय?"

खरं सांगू का? मला त्यांचा राग आला नाही, कारण माझ्याही मनात तेच होतं. गटाच्या बैठकीत "बायांनो, तब्येत सांभाळा" म्हणून सांगणारी मी, पण यंत्राचं बटण दाबताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

त्याच महिन्यात आमच्या गटातल्या एका काकींचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सहा आठवडे वजन उचलायचं नाही असं बजावलं होतं. काकी अठराव्या दिवशी कळशी घेऊन परड्यात. मी विचारलं तर म्हणाल्या, "वांगी वाळाय लागली, बघवंना." टाक्यांना त्रास झाला आणि पुन्हा दवाखाना. वांग्यांपायी बाई दोनदा झोपली.

तेव्हा मला वाटलं, हा प्रश्न एकट्या काकींचा नाही आणि माझ्या आत्तींचाही नाही. शरीर साथ देत नसताना यंत्राची मदत घ्यायची लाज आपल्याला कुठून आली? बी. ए. ला माझा इतिहास विषय होता. म्हणून आज इतिहासातूनच याचं उत्तर शोधू या.

सुरुवात घरातूनच करू. आपल्या आज्या-पणज्या पहाटे उठून जात्यावर दळायच्या. त्यांच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव फिरून गोळा केल्या. त्या लाखभर भरल्या. त्या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, विठ्ठल आहे, आणि दुखणंही आहे. पुढं गावात पिठाची गिरणी आली. तेव्हाही म्हातारी माणसं म्हणाली असतील की गिरणीच्या पिठाला चव नाही. पण आज डबा घेऊन गिरणीत जाणाऱ्या बाईला कुणी आळशी म्हणतं का? पाटा-वरवंटा सोडून मिक्सर लावला म्हणून कुणी नाव ठेवतं का? जातं सुटलं ते बाई आळशी झाली म्हणून नाही. तिच्या खांद्याला आणि छातीला ते काम झेपत नव्हतं, आणि दुसरी सोय मिळाली म्हणून सुटलं.

आता घरातून शेतात जाऊ. आपल्या भागातली सगळ्यांत मोठी गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांची. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, म्हणून ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंगाची चित्रं सोडावी लागली, मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडं वळले. डोळ्यांतल्या उणिवेनं त्यांचं आयुष्य असं दुसऱ्या वाटेला लागलं. पुढं बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ साली लोखंडी नांगर.

तो नांगर घ्यायला शेतकरी तयार नव्हते. लोखंड जमिनीत घातलं की जमिनीला विष चढतं, पीक येत नाही, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला फार काळ लागला. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा वितळवून नांगर करायला दिल्या, असं कोल्हापुरात आजही सांगतात.

याच कारखान्यातून पुढं मासिकंही निघाली. १९२० साली 'किर्लोस्कर खबर' आणि १९३० साली 'स्त्री'. नांगर करणाऱ्यांच्या घरातूनच बायकांसाठी वेगळं मासिक निघालं. आज आपण बायका आपल्या मासिकात अवजारांविषयी बोलतो, त्याचं मूळ तसं जुनं आहे.

पण मैत्रिणींनो, नांगर कुणाचा हलका झाला? बैलाचा आणि नांगर धरणाऱ्या गड्याचा. बाईच्या हातातलं खुरपं तसंच राहिलं.

पाण्याचंही तेच. आधी विहिरीवर मोट होती. कातड्याची मोट, बैलांची जोडी आणि दिवसभर मागं-पुढं चालणारा मोटकरी. १९२६ साली किर्लोस्करांचा पहिला सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. आमच्या राजारामपुरीला लागून असलेल्या उद्यमनगरात शेतीची ऑइल इंजिनं तयार होऊ लागली. कोल्हापूरच्या इंजिनांचं नाव लांब लांब पोहोचलं. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा सरला की त्याला बरगे घालायचे, पाणी अडवायचं आणि मोटर लावून शेतात न्यायचं. उसाला पाणी मिळालं आणि मोट इतिहासजमा झाली. मोट गेली म्हणून शेतकऱ्याला कुणी आळशी म्हटलं नाही. उलट ज्याच्या विहिरीवर इंजिन, त्याचा रुबाब.

उसाच्या फडात मोटरनं पाणी जातं, आणि त्याच घराच्या परड्यात बाई डोक्यावर, काखेत कळशी घेऊन जाते. असं का? उसाचं बिल येतं, त्याचा हिशेब असतो. परड्यातल्या भाजीचं बिल येत नाही. जिथं हिशेब नाही तिथं यंत्रावर खर्च कुणी करत नाही. बाईची पाठ मात्र त्या न लिहिलेल्या हिशेबातच जाते.

माती भुसभुशीत करायचं छोटं यंत्र कुठून आलं, ते बघायला जरा लांब जावं लागेल. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समध्ये गिलगांड्रा नावाचं गाव आहे. तिथं क्लिफर्ड हॉवर्ड नावाचा एक तरुण वडिलांच्या शेतात काम करायचा. १९१२ साली त्यानं इंजिनाच्या जोरावर फिरणारी पाती मातीत चालवून बघितली. नांगर माती उलटी करतो आणि खाली दाबतोही. फिरती पाती मात्र माती बारीक करून सोडतात. त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये कॉनराड फॉन मायेनबुर्ग यानंही असंच यंत्र केलं होतं. आज आपण ज्याला रोटाव्हेटर, पॉवर टिलर, पॉवर वीडर म्हणतो, त्याची ही सुरुवात.

ही छोटी यंत्रं जपानमध्ये घरोघरी गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले तरुण गडी कारखान्यांत कामाला गेले. मागं शेतात कोण राहिलं? आजोबा, आजी आणि आई. जपानी भाषेत त्या तिघांच्या लाडक्या हाकांना शेवटी 'चान' लागतं, म्हणून त्या शेतीला लोक 'तीन चानांची शेती' म्हणायचे. आपलीही गावं आता तशीच होत चालली आहेत. पोरं पुण्याला, नाहीतर एमआयडीसीत, आणि रानात सासू-सून. जपानी लोकांनी त्या आजीला कुदळ घेऊन सोडलं नाही, मागं चालत धरायचं लहान यंत्र तिथं पसरलं. १९६० नंतर तेच यंत्र जपानी कंपन्यांच्या मदतीनं भारतात आलं.

आता आजारी माणसाकडं येऊ. दुखणं अंगावर असताना भाजी पिकवायची म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं आनंदवन येतं. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे आणि साधनाताईंनी कुष्ठरोग्यांसाठी वसवलेलं. १९५१ साली विनोबांच्या हातून ते सुरू झालं. सुरुवातीला सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात चौदा रुपये. खडकाळ जमीन, त्यात आधी विहीर खणली, मग भाजी लावली. ज्यांच्या हाताची बोटं झडली होती, त्या माणसांनी ती भाजी पिकवली. पण वरोऱ्याचे लोक सुरुवातीला ती भाजी घेईनात. पुढं परदेशातले स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, तिथलं अन्न खाऊ लागले, तेव्हा हळूहळू लोकांची भीती गेली.

बाबा आमट्यांच्या स्वतःच्या मणक्याला असा आजार जडला की त्यांना बसता यायचं नाही, उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तरी काम थांबलं नाही, कामाची पद्धत बदलली. आनंदवनाकडून मी एवढंच घेते: आजारी माणसाला नुसतं खाटेवर बसवून ठेवणं ही त्याची काळजी नव्हे, आणि निरोग्याइतकंच काम त्याच अवजारानं कर म्हणणं हाही न्याय नव्हे. त्याच्या शरीराला जमेल अशी वाट काढायची.

गवत कापायच्या यंत्राची गोष्ट तर अगदी गमतीची आहे. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात जॉर्ज बॅलस नावाच्या माणसानं गाडी धुवायच्या ठिकाणी फिरणारे ब्रश बघितले. त्यावरून त्याला सुचलं की दोरीसुद्धा वेगानं फिरवली तर गवत कापेल. १९७१ च्या सुमाराला त्यानं एका रिकाम्या डब्याला मासे धरायची नायलॉनची दोरी बांधून ते करून बघितलं. आज आपल्या यंत्रात तीच नायलॉनची तार असते. लिथियमची बॅटरी १९९१ साली बाजारात आली आणि हातातली यंत्रं हलकी झाली. ती बॅटरी घडवणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल मिळालं.

आपल्या देशातही यावर काम झालं आहे. भोपाळला १९७६ पासून केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे, भुवनेश्वरला १९९६ पासून शेतकरी बायकांसाठी वेगळी संशोधन संस्था आहे. बाईची उंची, हाताची पकड, तिला पेलणारं वजन मोजून तिथं अवजारं केली जातात. उभ्यानं ढकलायचं चाकाचं कोळपं त्यातलंच. म्हणजे बाईच्या शरीराचं माप घ्यायला हवं, हे सरकारनंही मान्य केलं आहे.

मग ही अवजारं आपल्या परड्यापर्यंत का पोहोचत नाहीत? एक मोठं कारण कागदावर आहे. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरणाची योजना आहे, महाडीबीटीवर अर्ज करता येतो. त्यात महिला शेतकऱ्याला जास्त अनुदान आहे, काही अवजारांवर निम्म्यापर्यंत. पण अर्जासाठी जमीन नावावर लागते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशात वहिवाटदार म्हणून बायकांची नावं साधारण १४ टक्केच होती. राबणारी बाई, सातबारावर नाव दुसऱ्याचं. नाशिक जिल्ह्यात चांदवडला १९८६ साली शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं. त्यानंतर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' ही मोहीम काढली आणि अनेक गावांत नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. ते काम अजून अपुरं आहे. २०२३ साली केंद्र सरकारनं १५,००० महिला गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचं ठरवलं, त्याला 'नमो ड्रोन दीदी' म्हणतात. आकाशातून फवारणी करायला बाई चालते, तर परड्यातल्या लहान यंत्राची लाज कशाला?

आता थोडं कामाचं सांगते, कारण यंत्र म्हणजे जादू नव्हे. मी चुका करून शिकले.

पहिली गोष्ट वजनाची. पेट्रोलवरचा ब्रश कटर सात-आठ किलोचा असतो. हादरे बसतात, कंबर आणि मनगट दुखत असेल तर तो घेऊच नका. बॅटरीचं लहान यंत्र अडीच-तीन किलोचं मिळतं. बॅटरीच्या फवारा पंपाला हापसावं लागत नाही हे खरं, पण टाकी सोळा लिटरची असते. पाण्याचे सोळा किलो आणि पंपाचे चार-पाच, म्हणजे वीस किलोच्या वर पाठीवर. टाकी निम्मी भरा, नाहीतर पंप बाकावर ठेवून लांब नळीनं फवारा. गरोदर बाईनं फवारणी करू नये.

दुसरी गोष्ट, तारेच्या यंत्रातून खडा उडतो. डोळ्यांना चष्मा, पायात बंद बूट, आणि साडीवर घरातला पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवा. वाफ्याच्या आत तार चालवू नका, मिरचीचं रोप गवताबरोबरच जातं. मी सात रोपं घालवली. यंत्र बांधावर आणि पाटावर चालवायचं, ओळींच्या मध्ये सायकल कोळपं. पाण्याच्या मोटरला ओल्या हातानं हात लावायचा नाही, अर्थिंग नसेल तर आधी वायरमन बोलवायचा.

तिसरी गोष्ट फुकटातली. मूठ वळत नव्हती म्हणून मी खुरपं घेऊन उद्यमनगरात एका मिस्त्रींकडं गेले. त्यांनी मला मूठ वळवून दाखवायला सांगितली. बोटं आणि तळव्यात किती फट राहते ते बघितलं, आणि तेवढी जाड मूठ होईल अशी सायकलची जुनी ट्यूब दांड्याला गुंडाळली. दुसऱ्या खुरप्याला लांब दांडा लावून दिला, म्हणजे पाटावर बसून खुरपता येतं. "वहिनी, एवढ्यासाठी पैसे काय घ्यायचे," म्हणाले. मी चहा पाजून आले.

आमच्या गटानं बचतीतून एक बॅटरीचं गवत कापायचं यंत्र, एक फवारा पंप आणि शंभर फूट पाण्याची नळी घेतली. भाडं दिवसाला वीस रुपये ठरलं. तेव्हा एकीनं विचारलं, आजारी बाईकडून भाडं घ्यायचं का? बराच वेळ वाद झाला. कुणी म्हणालं, फुकट दिलं की सगळ्याच आजारी पडतील. मग ऑपरेशन झालेल्या काकीच बोलल्या, "आजारी हाय म्हणून सांगायलाच आमाला लाज वाटती. फुकटापायी कोण सांगतंय?" त्यावर सगळ्या गप्प झाल्या. ठराव झाला: बाळंतीण, ऑपरेशन झालेली आणि दुखण्यातून उठलेली बाई, हिला तीन महिने भाडं नाही.

माझे सांधे पूर्ण बरे झाले असं मी म्हणणार नाही. थंडीत सकाळी अजून बोटं आखडतात, काही दिवस परड्यात जाताच येत नाही. मेथी मी हातानंच पेरते, ते कुठलंही यंत्र करत नाही आणि मला ते करूही द्यायचं नाही. पण परडं हिरवं आहे.

अवजारांची वही उघडली त्या दिवशी पहिलं नाव कुणाचं लिहायचं यावरून सगळ्या एकमेकींकडं बघत बसल्या. पुढं व्हायला कुणी तयार होईना. मी माझंच नाव लिहिलं आणि 'कारण' या रकान्यात लिहिलं, 'सांधे'. खाली काकींनी लिहायला सांगितलं, 'टाके'. आज त्या वहीत अकरा नावं आहेत. परवा बाराव्यासाठी आत्तींनी निरोप धाडलाय. त्यांचे गुडघे दुखतात, आणि त्यांना पाण्याची नळी पाहिजे आहे.

तुमच्या गटातही अशी एक वही घाला.